भिंतीवरचं हिरवं

"मामा, थांब! एक काडी जरी उपटलीस ना, तर बघच!"

तिखट, म्हणजे मामाची चिमुरडी भाची (हे तिचं घरचं टोपणनाव), हात पसरून वाफ्याला आडवी उभी राहिली. सुट्टीला मावशीकडे येऊन दोन दिवस झाले नव्हते, आणि मामाशी हे तिसरं भांडण!

"अगं, सगळा पुदिना पिवळा पडलाय. रोगच आहे! बघ, भिंतीवरही हिरवा थर चढलाय," मामानं खुरपं नाचवलं. "तुझी मावशी यायच्या आत उपटतो. नाहीतर अख्खी बाग जाईल."

तिखटनं वाफ्याकडे पाहिलं. लिंबाच्या वासाचा, सफरचंदाच्या वासाचा, काळ्या देठाचा... मावशीनं एकेका काडीपासून वाढवलेला पुदिना! पुन्हा कुठून आणायचा?

ओरडायला तिनं तोंड उघडलं, पण मावशीचं पालुपद आठवलं. आधी बघ, मग चोळ, मग हुंग. तोंड सगळ्यात शेवटी!

तिनं तोंड मिटलं आणि मावसभावाला, म्हणजे भोपळ्याला, डोळा मारला.

"मामा, चहा उतू गेला वाटतं!" भोपळा म्हणाला.

मामा खुरपं टाकून आत पळाला. भोपळ्यानं खुरप्यावर बादली पालथी घातली आणि वर ऐसपैस बसला. आता उठवा म्हणावं!

तिखटनं खिशातलं भिंग काढून भिंतीला लावलं.

"भोपळ्या, रोग नाही हा! इवली इवली पानं आहेत. देठसुद्धा! मॉस आहे हे, शेवाळाचं भावंड."

"मग?"

"मग काय मग! त्याला ओल लागते. इथे दिवसभर ऊन. पाणी येतं कुठून?"

तिनं वाफ्यातली माती चोळली. चिखल! हुंगली. शी, कुजका वास! पुदिन्याची मुळं पाण्यात सडत होती. भिंतीवरचा हिरवा पट्टा मात्र वर वर निमुळता होत गेला होता, थेट एका खिळ्यापर्यंत. पाण्याची नळी टांगायला मागच्या सुट्टीत मामानं ठोकलेला खिळा!

"लबाडांनो, चहा ठेवलाच नव्हता!" मामा तणतणत आला.

"मामा, हा खिळा निघतो का रे?" तिखटनं साळसूदपणे विचारलं.

"माझ्या हातचा खिळा? हॅ! हलायचासुद्धा नाही!"

मामानं पक्कड लावून ओढला.

फुस्स! पाण्याची धार थेट त्याच्या मिशीवर!

"खिळ्यानं भिंतीतला पाइप फोडलाय!" भोपळा किंचाळला आणि नळ बंद करायला धावला.

तेवढ्यात फाटकातून मावशी आली. तिनं भिजलेला भाऊ पाहिला, भिंत पाहिली, चिखल हुंगला.

"कोणी शोधलं?"

"हिनं," मामानं तिखटला पुढे केलं. "मी तर पुदिनाच उपटत होतो, ताई."

"आणि ही ओरडली नाही?"

"सुरुवातीला एकदाच!" भोपळा म्हणाला.

मावशी खळखळून हसली. वाफ्याच्या कोरड्या टोकाची एक टवटवीत काडी तिनं खुडली आणि तिखटच्या हातावर ठेवली.

"माझ्या वाफ्यातली काडी आजवर मी कुणाला दिली नाही. तुझ्या घरी लाव."

तिखटनं ती बघितली, पान चोळलं, हुंगलं. आणि मग मात्र सगळी गल्ली गोळा होईल अशी ओरडली!