भिंगरीनं आणलेली पांढरी कोंबडी

"बस! भिंगरे, बस म्हटलं ना!"

भिंगरी बसली नाही. तिनं आधी स्वतःच्या शेपटीमागं दोन गिरक्या घेतल्या, मग गोरक्षच्या हातातल्या भाकरीच्या तुकड्यावर अशी झेप घेतली की तुकडा, टोपी आणि गोरक्ष तिघंही एकदम धुळीत!

"खाली! खाली!" गोरक्ष पडल्या पडल्या ओरडला.

"अरे, खाली तू आहेस! ती वर आहे!" हिरा पोट धरून हसत म्हणाली.

"मग काय म्हणू? सिट! ए भिंगरी, सिट!"

प्रांजल मात्र हसली नाही. भिंगरी तिची होती. आठ महिन्यांची, काळी कुळकुळीत, चारही पंजे पांढरे. मेंढरं राखणाऱ्या सोनबामामानं दिवाळीत तिला घोंगडीत गुंडाळून आणलं, तेव्हा ती भाकरीएवढी होती. आता तिच्या अंगात जणू मोटर बसवली होती! चपला, दप्तराचे पट्टे, कांद्याच्या गोण्या, जे दिसेल ते तिच्या दातांत जायचं. परवा तर तिनं पप्पांची चप्पल कुरतडली आणि उरलेला अंगठा मोठ्या अभिमानानं पप्पांनाच नेऊन दिला.

"तिची चूक नाहीच," हिरा म्हणाली. हिरा शेजारच्या आळीत राहायची आणि आठवीत जाणार होती, त्यामुळे ती सगळ्यांचीच बाई असल्यासारखी बोलायची. "प्रांजल म्हणते 'बस'. हा म्हणतो 'खाली', मग 'सिट'. मला कुणी तीन भाषांत बसायला सांगितलं, तर मीसुद्धा चावेन!"

पेठ गावाहून मे महिन्याच्या सुट्टीला आलेला प्रांजलचा आत्तेभाऊ गोरक्ष कपडे झटकत उठला. "बरं बाई. मग काय करायचं?"

त्याच दिवशी नियम ठरले. प्रत्येक गोष्टीला एकच शब्द आणि हाताची एकच खूण. शिकवणी सकाळी फक्त पाच मिनिटं. जमलं की लगेच भाकरीचा तुकडा, नाही जमलं तर ओरडायचं नाही. आणि ऊन चढलं की शाळा बंद! आणे गावाच्या पठारावर मेमध्ये दहा वाजताच जमीन तापते. प्रांजल आधी स्वतःचा तळहात जमिनीवर टेकवून बघायची. आपल्याला चटका बसला, तर भिंगरीच्या पंजांनाही बसणारच.

आठ दिवसांत भिंगरी 'बस' म्हटलं की बसू लागली. 'थांब' म्हटलं की वीस आकडे मोजेपर्यंत थांबू लागली. आणि 'आण' तर तिला इतकं आवडलं, की पप्पांची ती कुरतडलेली चप्पल कुठंही फेका, ती वाऱ्यासारखी जाऊन घेऊन यायची.

नवव्या दिवशी, गुरुवारी सकाळी, गोरक्षनं चप्पल ओढ्याच्या बाजूला भिरकावली.

"भिंगरे, आण!" प्रांजल म्हणाली.

भिंगरी धावली. चप्पल ओलांडून तशीच पुढं गेली, बांधावरून उडी मारली आणि दिसेनाशी झाली.

"अगं, चप्पल मागं राहिली!" गोरक्ष ओरडला.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. हाका मारून तिघांचे घसे बसले. आणि मग भिंगरी आली. टुणटुणत, शेपटी वर करून! ती थेट प्रांजलच्या पायाशी आली, तोंडातलं ओझं अलगद खाली ठेवलं आणि कुणी न सांगता ऐटीत बसली.

ती एक मेलेली पांढरी कोंबडी होती!

प्रांजलच्या मुठीत भाकरीचा तुकडा तसाच राहिला. आता काय करायचं? 'आण' म्हटलं, तिनं आणलं. शाब्बास म्हणायचं? की रागवायचं? भिंगरी तर डोळे लकाकवत मुठीकडं बघत होती.

नेमक्या त्याच वेळी पाण्याची कळशी घेऊन शेजारच्या लंकाबाई आल्या.

"अगं बया! कोंबडी!" कळशी जमिनीवर आदळली. "पंधरा दिसांत माझ्या तीन कोंबड्या गेल्या! मी आपली मुंगसाला शिव्या देतेय, आन् चोर हितं शेजारात बसलाय व्हय! दादाभाऊ! ओ दादाभाऊ, या बाहीर!"

प्रांजलचे पप्पा कांद्याच्या चाळीतून धावत आले. त्यांनी कोंबडी बघितली, भिंगरी बघितली आणि त्यांचा चेहराच पडला. त्यांना कुणाची माफी मागताना प्रांजलनं कधी बघितलं नव्हतं. आज ते मान खाली घालून लंकाबाईंची माफी मागत होते.

"बांधून ठेव तिला," लंकाबाई गेल्यावर ते म्हणाले. "रविवारी तुझा मामा येतोय. त्याच्याबरोबर परत धाडू."

"पण मेंढरांत असलं कुत्रं मामा ठेवील का?" गोरक्षनं विचारलं. "आज कोंबडी, उद्या कोकरू म्हणेल."

पप्पांनी खुंटीवरचं दावं काढून प्रांजलच्या हातात दिलं. "मग आळेफाट्यावर सोडावं लागंल."

आळेफाटा! जिथं दिवसभर ट्रक न् एसट्या धावतात, तिथं भिंगरी? आणि त्याहून वाईट म्हणजे, प्रांजलला काहीच कळेनासं झालं. भिंगरी चोर असेल, तर चोरलेली कोंबडी घेऊन ती आपल्यासमोर ऐटीत कशी बसली? आणि चोर नसेल, तर कोंबडी आली कुठून? तिला चोरी करायला आपणच तर शिकवलं नाही ना?

दुपारी आणखी एक गोंधळ झाला. भिंगरी उलट्या करू लागली. उलटीत पांढरी पिसं होती आणि वास तर असा की गोरक्षनं नाक धरून पळच काढला. पप्पांचा राग होता, पण जनावराचे हाल त्यांना बघवले नाहीत. भिंगरीला मोटरसायकलवर मध्ये धरून ते आणि प्रांजल जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेले.

डॉक्टर उज्ज्वलाताईंनी भिंगरीला इंजेक्शन दिलं आणि तिच्या जबड्यात डोकावून बघितलं. "शिळं खाल्लंय हिनं. दोन-तीन दिवसांपूर्वी मेलेला पक्षी असणार. ताजी कोंबडी मारून खाल्ली असती, तर अशी उलटी झाली नसती. दोन दिवस ताकभात द्या, पाणी थोडं थोडं पाजा. आणि प्रांजल, 'घे' म्हटल्याशिवाय काहीही तोंडात घ्यायचं नाही, हे तिला शिकव. नाहीतर एखाद्या दिवशी विष खाऊन बसेल."

"शिळी का असंना, कोंबडीच ना?" परत येताना पप्पा पुटपुटले. "लंकाबाईच्या तीन गेल्या त्या गेल्याच की."

प्रांजलनं भिंगरीला आणखी घट्ट धरलं.

शुक्रवारी चिंचेखाली तिघांची बैठक बसली. भिंगरी ताकभात खाऊन शहाण्यासारखी झोपली होती.

"लंकामावशींच्या कोंबड्या कसल्या होत्या?" हिरानं विचारलं.

"एक लाल, एक काळी आणि एक ठिपक्यांची," प्रांजल म्हणाली आणि बोलता बोलता थांबली. "अगं... पांढरी तर नव्हतीच!"

"आणि ती गावरान पण नव्हती!" गोरक्ष ताडकन उठला. "आमच्या घरामागं पोल्ट्री आहे, मला माहितीये. एवढं जाड अंग आणि एवढे मोठे पाय... ती बॉयलर होती, बॉयलर!"

"गावात कुणाकडं बॉयलर आहे?"

"एक सुभाषभाऊंचं शेड आहे. पण ते टेकाडापलीकडं, दोन किलोमीटरवर," प्रांजल म्हणाली. "दहा मिनिटांत भिंगरी तिथं जाऊन येईल कशी?"

जितकं उलगडावं, तितका गुंता वाढत होता!

"मग तिलाच विचारू," शेवटी हिरा म्हणाली.

शनिवारी सकाळी प्रांजलनं भिंगरीच्या गळ्यात लांब दावं बांधलं. तिघांनी हातात काठ्या घेतल्या.

"भिंगरे, आण!"

भिंगरीनं नाक वर केलं आणि अशी ओढ घेतली की प्रांजल जवळजवळ फरफटत गेली. बांध, कांद्याचं रिकामं वावर, मग ओढ्याकडं उतरणारी गाडीवाट. वाट जिथं ओढा ओलांडते, तिथं एक सिमेंटची मोरी आहे. मोरीच्या जरा अलीकडंच वासाचा भपकारा आला.

"बाप रे!" गोरक्षनं शर्टानं नाक झाकलं.

मोरीखाली कोंबड्यांच्या खाद्याची पोती पडली होती. दहा-बारा तरी असतील. काही फाटलेली. सगळीकडं पांढरी पिसं, माश्यांचं मोहोळ आणि मेलेल्या कोंबड्या!

"उन्हानं मेलेल्या," गोरक्ष हळूच म्हणाला. "आमच्या शेजारी पण मे महिन्यात मरतात. पण ते खड्ड्यात पुरतात, चुना टाकून."

"म्हणजे भिंगरीनं एकही मारली नाही!" प्रांजलला नाचावंसं वाटलं. पण हिरा खाली वाकून ओल्या वाळूकडं बघत होती.

"प्रांजल, हे भिंगरीच्या पायाचे ठसे आहेत का?"

प्रांजलनं बघितलं. भिंगरीच्या पंजाच्या पुढं नखांचे टोचे उमटायचे. या ठशांना नखं नव्हती. आणि एकेक ठसा तिच्या तळहाताएवढा होता.

तेवढ्यात भिंगरीच्या पाठीवरचे केस ताठ उभे राहिले. ओढ्यापलीकडं घाणेरीची गच्च जाळी होती. भिंगरी तिकडं बघून गुरगुरू लागली. असा आवाज तिनं आजवर कधीच काढला नव्हता. जाळीत काहीतरी सरकलं. भिंगरीनं हिसडा मारला, दावं प्रांजलच्या हातातून सर्रकन निसटलं!

"थांब!"

प्रांजलचा आवाज फाटला, पण हात आपोआप वर गेला. तीच खूण. भिंगरी ओढ्याच्या काठावर थिजल्यासारखी उभी राहिली. अंग थरथरत होतं, पण पाऊल पुढं पडलं नाही. प्रांजलनं दाव्याचं टोक पुन्हा हातात घेतलं.

"पळायचं नाही," हिरा कुजबुजली. "शाळेत वनखात्याचे साहेब आले होते ना? पाठ फिरवायची नाही, मोठ्यानं बोलायचं. गोरक्ष, बोल!"

"काय बोलू?"

"काहीही!"

"बे एके बे! बे दुणे चार!" गोरक्ष गर्जला.

बेचा पाढा संपला, तिनाचा निम्मा झाला, तोवर ती चौघं मागं मागं सरकत वावरात पोहोचली होती. जाळीत नक्की काय होतं, हे प्रांजलला पुढंही कधी सांगता आलं नाही. पिवळसर काहीतरी दिसलं होतं. की वाळलेलं गवत होतं?

घरी मात्र उलटंच झालं. "तिकडं गेलातच कशाला?" पप्पा भडकले. "पोती असतील कुणाची तरी. उगं सुभाषचं नाव घेऊ नका. भला माणूस आहे तो." भिंगरी निर्दोष आहे हे कुणी ऐकूनच घेईना, मग ठशांचं तर सांगायलाच मिळालं नाही! आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता.

"सुभाषभाऊंचा पिकअप रोज दहाच्या सुमाराला आपल्या दारावरून ओढ्याकडं जातो," गोरक्ष म्हणाला. "रोज. मी सुट्टीला आल्यापासून बघतोय."

हिरानं त्याच्याकडं बघितलं, प्रांजलनं हिराकडं बघितलं. बेत ठरला.

रविवारी दहाला पिकअप आला. हिरा पितळी तांब्या घेऊन रस्त्यातच उभी राहिली.

"सुभाषभाऊ, ताक घेऊन जा की! लई ऊन झालंय."

सुभाषभाऊ हसत उतरले. अंगणात पप्पा होते. लंकाबाईंना प्रांजलनं 'कोंबड्यांचा पत्ता लागलाय' म्हणून आधीच बोलावून ठेवलं होतं.

"भाऊ, उन्हानं कोंबड्या मरत असतील ना?" गोरक्षनं भोळेपणानं विचारलं.

"मरत्यात की, राव! रोज पन्नास-साठ."

"मग त्यांचं काय करता?"

"काय म्हंजी? खड्ड्यात पुरतो. चुना टाकून, एकदम सिस्टिममधी!"

प्रांजलनं भिंगरीचं दावं सोडलं. "भिंगरे, आण!"

भिंगरी उठली, चाळीमागं धावली आणि... कुरतडलेली चप्पल घेऊन आली.

पप्पांनी डोक्याला हात लावला. लंकाबाई फणकारल्या, "ह्योच व्हय पत्ता?"

प्रांजलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं चप्पल बाजूला ठेवली आणि पुन्हा एकदा, अगदी शांतपणे म्हणाली, "भिंगरे, आण."

भिंगरी गोंधळली. चप्पल तर दिली, आता काय? तिनं चप्पल हुंगली, हवा हुंगली. मग तिचे कान टवकारले. एका झेपेत ती पिकअपच्या हौद्यात! ताडपत्रीखाली तिचं डोकं गेलं, शेपटी गरगर फिरली, आणि ती बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडात पांढरी कोंबडी होती.

सुभाषभाऊंच्या हातातला तांब्या कलंडला.

"खड्डा तर शेडपाशी मागं राहिला, भाऊ," हिरा म्हणाली. "तुम्ही ओढ्याकडं कुठं निघालात?"

"त्याचं काय झालं... लगीनसराईत जेसीबीवाला मिळंना," सुभाषभाऊ मान खाली घालून म्हणाले. "म्हटलं, चार दिवस मोरीखाली टाकावं. कुणाला काय तरास?"

"तिथं ठसे आहेत, पप्पा! एवढे मोठे, नखं नसलेले!" प्रांजलनं तळहात पुढं केला.

आता मात्र पप्पांचा चेहरा बदलला. त्यांनी लगेच वनखात्याला फोन लावला. तासाभरात वनरक्षक आले. त्यांनी वाळूतले ठसे मोजले, मग लंकाबाईंच्या खुराड्यामागं वाकून बघितलं. तिथंही तसाच एक ठसा होता.

"बिबट्या," ते म्हणाले. "आयतं खाणं मिळालं की तो तिथंच मुक्काम करतो. जाता-येता ताई, तुमच्या कोंबड्या उचलल्यात त्यानं. अंगणवाडीची पोरं याच वाटेनं येतात. आठ दिवसांनी सुट्टी संपेल, तोवर हे कळलं नसतं, तर... पोरांनो, मागं फिरताना पळाला नाहीत, हे फार मोठं काम केलंत. आणि हो, पुन्हा मोठ्या माणसाशिवाय तिकडं जायचं नाही!"

संध्याकाळपर्यंत जेसीबी आला, खड्डा झाला. सुभाषभाऊंनी स्वतः चुना टाकला आणि लंकाबाईंना तीन तरण्या गावरान कोंबड्या द्यायचं कबूल केलं. ठरल्याप्रमाणं आलेल्या सोनबामामानं सगळी हकीकत ऐकली आणि भिंगरीचे कान चोळले. "वाघाच्या तोंडावर थांबली? माझी म्हातारी कुत्रीबी थांबत न्हाई!"

"ती कुठं जात नाही," पप्पा घाईघाईनं म्हणाले. "हितंच ऱ्हाईल."

प्रांजल त्यांच्याकडं बघतच राहिली. गुरुवारी हेच पप्पा आळेफाटा म्हणत होते! मोठी माणसं तिला भिंगरीपेक्षा अवघड वाटली.

चार दिवसांनी लंकाबाई वाडग्यात दूध-भाकरी घेऊन आल्या. त्यांनी वाडगा भिंगरीसमोर ठेवला. भिंगरीनं वाडग्याकडं बघितलं, लाळ गाळली आणि तशीच बसून राहिली.

"आता ही खात का न्हाई?" लंकाबाई बावरल्या. "माझ्यावर रुसली का काय?"

"नाही मावशी. डॉक्टरताईंनी सांगितलंय, सांगितल्याशिवाय खायचं नाही. तुम्ही नुसतं 'घे' म्हणा."

लंकाबाई गुडघ्यावर हात ठेवून हळूच खाली बसल्या. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, पदरानं नाक पुसलं.

"घे गं, माझे बाई," त्या म्हणाल्या. "घे."