रिकाम्या खोलीचे एक मिनिट

रेकॉर्डिंग करणाऱ्यांची एक जुनी रीत आहे. वादकाने वाद्य उचलण्याआधी एक मिनिटभर सगळ्यांनी बाहेर जायचे आणि नुसती रिकामी खोली रेकॉर्ड करून ठेवायची. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. तिच्यात पंख्याची घरघर असते, भिंतींचा गारवा असतो, कुठल्या तरी नळाची लांबून येणारी टपटप असते. पुढे एखादा खोकला किंवा खुर्चीची करकर कापली की त्या जागी त्याच खोलीच्या शांततेचे ठिगळ लावावे लागते. नुसते भोक ठेवले तर ऐकणाऱ्याचा कान ठेचकाळतो.

अशी ठिगळे लावण्यात त्याचा हात धरणारा त्या स्टुडिओत कुणी नव्हता. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून आठ वर्षे तो इतरांचे आवाज साफ करत आला होता. स्वतःचा आवाज तो जपून वापरी. मालक चारचौघांत म्हणत, "आग लागली तरी हा आधी चिठ्ठी लिहील."

सोमवारी सकाळी मालकांनी त्याच्या टेबलावर एक डबी ठेवली. आत फुंक्याची शेवटची रेकॉर्डिंग्ज होती.

फुंक्या त्याचा शाळेतला बाकसोबती. पेनाचे टोपण असो की किल्लीचे भोक, जिथे पोकळी दिसेल तिथे फुंकर मारून सूर काढायचा, म्हणून ते नाव. पुढे तो क्लॅरिनेट वाजवू लागला, त्याचे खरे नाव पोस्टरांवर झळकले, तरी याच्या मनात तो फुंक्याच राहिला. फुप्फुसांच्या आजाराने तीन महिन्यांपूर्वी तो गेला होता. शेवटच्या सात रचना त्याने अंथरुणावरून उठून, घराच्या वरच्या खोलीत वाजवल्या होत्या. रेकॉर्डिंग त्याच्या थोरल्या बहिणीने केले होते.

"वाजवलंय असं की बोलायची सोय नाही," मालक म्हणाले. "पण प्रत्येक ओळीआधी असा श्वास घेतो की आपलाच जीव गुदमरतो. लोकांना सूर हवा, दमा नको. सगळे श्वास काढ. शुक्रवारी द्यायचंय."

"ताईंना विचारलंय?"

"त्यांनी सही केलीय. तू ठिगळं लाव."

त्याने मान डोलावली.

मान डोलावणे तो चौथीत शिकला होता. स्नेहसंमेलनाच्या समूहगीताची तालीम चालली असताना गाण्याच्या बाई त्याच्यापाशी येऊन थांबल्या होत्या. "तू सगळ्या रांगेला घेऊन बुडशील. तू गाऊ नकोस. नुसते ओठ हलव." वर्ग हसला. त्या दिवसापासून तो मुक्या झाला. शेजारी उभ्या असलेल्या फुंक्याने त्याच्या बरगडीत कोपर खुपसले आणि कुजबुजला, "ए मुक्या, आपण अदलाबदल करू. तू गा, ओठ मी हलवतो. बाईंना काय कळतंय कुणाचा आवाज कुठनं येतोय! मी श्वास घेतला की सुरू कर."

स्नेहसंमेलनाच्या दिवशी फुंक्याने छाती भरून श्वास घेतला. कोपर मारले. आणि ठरल्याप्रमाणे, आवाज न काढता ओठ हलवू लागला. मुक्या गायला नाही. त्याची नजर बुटांच्या टोकांवरून वर उठलीच नाही. रांगेतला सर्वांत खणखणीत आवाज असा ऐन वेळी नाहीसा झाला आणि गाणे कोसळले. बाईंनी जाब विचारला तेव्हा फुंक्या सगळ्यांदेखत म्हणाला, "याचा आवाज नको असेल तर माझाही नको." त्याला समूहगीतातून काढून टाकले. तो हसत बाहेर गेला. मुक्या मात्र जागच्या जागी उभा राहिला, आणि त्याला कधी कधी वाटे की आपण अजून तिथेच उभे आहोत.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला घेतलेले, ताईंच्या घरच्या रिकाम्या खोलीचे मिनिट त्याने दोनदा ऐकले. खिडकीची थरथर आणि लांबवर ठिबकणारा नळ, एवढेच होते. त्या शांततेची ठिगळे लावून संध्याकाळपर्यंत त्याने पहिल्या रचनेतले एकतीस श्वास कापले.

मंगळवारी सकाळी रचना पुन्हा लावली. एकतीसही श्वास जागच्या जागी होते.

आपण काम जतन करायला विसरलो, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. पण पडद्यावर कापल्याच्या खुणा होत्या, ठिगळेही होती. श्वास ठिगळांच्या आत होता. त्याने मूळचे मिनिट उघडले. चाळिसाव्या सेकंदाला, सोमवारी जिथे सपाट रेघ होती तिथे, एक श्वास उभा होता.

त्याने ताईंना फोन लावला.

"ताई, ते सुरुवातीचं रिकामं मिनिट घेतलंत तेव्हा खोलीत कोण होतं?"

"कुणी नाही रे. त्याने सांगून ठेवलं होतं तसंच सगळं केलं. तो खाली झोपला होता. मी यंत्र सुरू केलं आणि दार ओढून घेतलं." मग त्यांनी विचारले, "तू मुक्या ना? तो म्हणायचा, रांगेतल्या माझ्या शेजाऱ्याची एक ओळ राहिलीय."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"श्वास काढतोयस ना? मला ऐकवत नाहीत म्हणून सही केली. त्याला विचारलं असतं तर कागद फाडून हातात दिला असता." त्या हसल्या, आणि ते हसणे मध्येच विरले.

बुधवारी त्याने धंद्याचा नियम मोडला. फुंक्याच्या खोलीची शांतता बाजूला ठेवून स्वतःच्या खोलीची घ्यायची, असे ठरवले. भरदुपारी मायक्रोफोन लावला, बाहेर पडला, दार लावले आणि पायऱ्यांवर उन्हात उभा राहून साठ आकडे मोजले. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होते. सगळे इतके नित्याचे होते की त्याला स्वतःचेच हसू आले.

आत येऊन त्याने ते मिनिट लावले. दार लागल्याचा आवाज. पंखा. यंत्राची बारीक गुणगुण.

विसाव्या सेकंदाला श्वास आला.

हा आजारी माणसाचा नव्हता. लहान छाती काठोकाठ भरून घेतल्यावर जसा वाजतो, तसा.

आणि त्याच्या उजव्या बरगडीत काहीतरी टोचले.

तो वळला. खुर्ची, भिंत, दार. चाळिसाव्या सेकंदाला पुन्हा श्वास. पुन्हा टोचणी, या वेळी जरा जोरात. वाट पाहून कंटाळलेल्या माणसाची.

गुरुवारी त्याने दिवसभर एकच काम केले. सगळी ठिगळे उसवून कापलेले मूळ श्वास एकेक करून परत जागेवर ठेवले.

शुक्रवारी मालक आले. "झालं?"

"नाही. आणि करणारही नाही."

मालकांनी चष्मा काढला. "बाप रे, बोलता येतं की तुला. काय बिनसलं?"

"एकदा तो माझ्यामुळे गप्प झाला होता. मी तेव्हा काही बोललो नाही. आज बोलतोय. ते श्वास त्याचे आहेत, त्यांना मी हात लावणार नाही. तुम्हाला दुसरा माणूस बघायचा तर बघा." त्याचा आवाज थरथरला नाही.

"दुसरा कशाला? माझे केस उन्हात नाही पांढरे झाले. सरक." मालक स्वतः खुर्चीत बसले. सराईत हाताने त्यांनी पहिला श्वास कापला, ठिगळ लावले आणि रचना सुरू केली.

श्वास गेला होता. त्या जागी आवाज होता. लहान मुलाचा, मोकळ्या गळ्याचा, सुराच्या जरा खाली घसरलेला. एकच शब्द.

"हे कुठलं आलं?" मालक पुटपुटले. दुसरा श्वास कापला. दुसरा शब्द. तिसरा श्वास. तिसरा शब्द.

मालकांना ते शब्द सुटे वाटले असतील. त्याला ओळ कळली. समूहगीताची पहिली ओळ चार शब्दांची होती. आवाजही त्याने ओळखला, जरी चौथीतल्या त्या तालमीनंतर तो कुणी ऐकला नव्हता, त्याने स्वतःसुद्धा.

मालकांचा हात माऊसवर थांबला. "कुणाचं पोर आहे हे? बेसूर आहे."

"आहे," तो म्हणाला. "असू दे."

मालकांनी तिन्ही ठिगळे उसवली. हात पँटला पुसले. "श्वासच राहू दे," ते खालच्या आवाजात म्हणाले आणि दार उघडेच टाकून निघून गेले.

तो खोलीत एकटा उरला. समोरच्या काचेपलीकडे रेकॉर्डिंगचा अंधारा हॉल होता, आणि काचेत त्याची स्वतःची खोली दिसत होती.

चौथा शब्द राहिला होता.

शेजारी कुणीतरी छाती भरून श्वास घेतला. बरगडीत कोपर बसले.

या वेळी त्याने बुटांकडे पाहिले नाही. मान वर करून, काचेत बघत, तो गायला. चौथा शब्द, मग पुढची ओळ, मग तिच्या पुढची, मोकळ्या गळ्याने, बेसूर. खोली त्याच्या आवाजाने भरून गेली. घशात जळजळ झाली तरी तो थांबला नाही.

काचेतल्या त्याच्या चेहऱ्यावरचे ओठ घट्ट मिटलेले होते. हलत होते ते उजवीकडचे, त्याच्या बरगडीच्या उंचीवरचे, एका लहान पोराचे ओठ.