देवमाशाचं पोक

चौथ्या दिवशी सकाळीही देवमाशाने पोक काढलेले होते.

आदल्या दिवशी दुपारी एक वाजता चित्रकलेच्या वर्गाला कुलूप लागले, तेव्हा पुन्हा दुरुस्त केलेली त्याची पाठ कमानीसारखी ताठ होती. आता ती मधोमध खचली होती, जबडा लोंबत होता आणि गळून पडलेला एक डोळा जमिनीवरून छताकडे पाहत होता. शेजाऱ्यांना मात्र काहीही झाले नव्हते. मोडक्या छत्र्यांना प्लास्टिकच्या झालरी लावून केलेले जेलीफिश दोरीवर निवांत डोलत होते. विजोड मोज्यांत चिंध्या कोंबून केलेला ऑक्टोपस आठही पाय पसरून बाकावर पहुडला होता.

सुट्टीतल्या सागर-मिरवणुकीसाठी मुलांनी स्वतःलाच एक नियम घालून घेतला होता: कुणीतरी टाकून दिलेल्या वस्तूंतूनच वेश करायचे. देवमासा खोक्यांच्या पुठ्ठ्यांचा आणि रद्दीचा. त्याचा आराखडा चिकीचा, आणि रद्दीचे थर चिकटवणारी मैद्याची खळही तिनेच शिजवलेली. या बारा वर्षांच्या मुलीच्या बोटांना सदैव खळ लागलेली असे, म्हणून तिचे हे नाव. सहा मुलांनी आत शिरून चालवायचा तो देवमासा मिरवणुकीच्या सर्वांत पुढे असणार होता.

मिरवणूक समितीच्या अध्यक्षकाकांनी खळीचे पातेले न उघडताच खळ कच्ची असल्याचे निदान केले होते, आणि चित्रकलेच्या बाईंनी ते निदान न पडताळता मान्य केले होते. मोठी माणसे एकमेकांवर असा गाढ विश्वास टाकतात; पुरावा त्यांना फक्त मुलांकडून हवा असतो. बाईंनी चिकीला शांतपणे सांगितले, की सोमवारपर्यंत देवमासा उभा राहिला नाही तर दुकानातून आणलेला शार्क पुढे जाईल आणि देवमासा रद्दीत.

 चिकीने नुसताच गळलेला डोळा उचलून खिशात ठेवला. तिच्या सगळ्यात बडबड्या मैत्रिणीला, म्हणजे रेडिओला, हे मौन फार जड गेले. चिकीच्या वतीने तिने बाईंना बरेच काही सुनावले; पण बाई जिना उतरून गेल्यावर.

प्रोफेसर मात्र आपली वही चाळत होता. जाड भिंगांच्या चष्म्याचा हा मुलगा सगळ्याची नोंद ठेवी, अगदी कुणाला किती शिंका आल्या याचीसुद्धा.

"पहिले सहा दिवस हा ताठ होता," तो म्हणाला. "खळ तीच, पुठ्ठा तोच. मंगळवारपासून वाकतोय. म्हणजे सोमवारी काहीतरी बदललं."

"तुझं डोकं सोडून काहीही बदललेलं असू शकतं," रेडिओ म्हणाली. पण पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापायला पहिली तीच बसली.

युक्ती साधी होती. बारा पट्ट्यांवर रद्दीचे थर चढवले: सहांना चिकीची खळ, सहांना दुकानातला डिंक. मग त्या वर्गभर जोडीजोडीने उभ्या केल्या. शनिवारी सकाळी पाहिले तर भिंतीतल्या उंच झरोक्याखालच्या दोन्ही जोड्यांनी माना टाकल्या होत्या, खळीच्याही आणि डिंकाच्याही. दूरच्या चारही जोड्या ताठ. देवमासा बरोबर झरोक्याखाली उभा होता.

त्या दुपारी तिघे डबा घेऊन वर्गातच थांबले. दोन वाजून दहा मिनिटांनी झरोक्यातून पांढुरका लोट आत उतरला, आणि प्रोफेसरच्या चष्म्याची भिंगे दुधासारखी झाली.

"वाफ आहे," तो जागचा न हलता म्हणाला. "मला काही दिसत नाहीये, म्हणजे नक्कीच वाफ आहे."

धूळ येऊ नये म्हणून अध्यक्षकाकांच्या हुकमाने खिडक्या बंद असत. दुपारभर साचलेली वाफ रात्रीतून सुकून जाई, आणि सकाळी मागे उरे ते फक्त पोक.

वाफेचा माग फार लांब गेला नाही. शाळेच्या भिंतीलगत लाँड्री होती. तिथे दोन ते चार या वेळात चादरींना इस्त्री होई आणि वाफेची नळी झरोक्याच्या शेजारीच मोकळ्या हवेत उघडे. आता तिथे मोकळी हवा नव्हती. सोमवारी बांधलेला मिरवणुकीचा भलामोठा स्वागतफलक नळी आणि झरोका या दोघांवर रजईसारखा पांघरला होता, आणि त्याचे एक टोक चक्क नळीलाच करकचून बांधले होते. फलकावर समुद्र अंगठ्याएवढा आणि अध्यक्षकाका समुद्राएवढे होते.

लाँड्रीवाले मामा कपाळावर हात मारून म्हणाले, की त्यांनी बांधणाऱ्याला तेव्हाच अडवले होते. त्यावर तो म्हणाला, साहेबांचा चेहरा रस्त्याकडेच हवा असा हुकूम आहे.

तिघे पट्ट्या घेऊन अध्यक्षकाकांच्या घरी गेले. काकांनी पट्ट्यांकडे पाहिले नाही. कष्ट टाळायचे असले की मुलांना विज्ञान सुचते, एवढे बोलून त्यांनी दार लावून घेतले.

"ते पट्ट्या बघणार नाहीत," जिन्यावर चिकी म्हणाली. त्या दोन दिवसांत तिचे पहिलेच लांब वाक्य यानंतर आले. "पण स्वतःकडे बघायला त्यांना कायम सवड असते."

अध्यक्षकाका मिरवणुकीत सागरराजा होणार होते आणि त्यांचा सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट दुकानातून तयार आला होता. सोमवारी दुपारी दोन वाजता रेडिओने त्यांना अत्यंत आदराने रंगीत तालमीचे निमंत्रण दिले. बाईही आल्या. झरोक्याखाली, देवमाशाच्या बाजूलाच सिंहासन मांडले होते. रेडिओने काकांना विनंती केली, की मिरवणुकीच्या दिवशीचे भाषण एकदा पूर्ण ऐकवावे. अशी विनंती काकांना आयुष्यात प्रथमच कुणी केली होती.

भाषण शिस्तीच्या महत्त्वापर्यंत पोचले तेव्हा लोट उतरू लागला. काकांनी घाम पुसला आणि ते निष्काळजीपणाच्या दुष्परिणामांकडे वळले. मुकुटाचे पुढचे टोक वाकले. मग उजवे. मग सगळा मुकुट दुधात भिजलेल्या पोळीसारखा मऊ पडून कानांवर उतरला, आणि सागरराजाचे भाषण आतून घुमू लागले.

कुणी हसले नाही. त्यासाठी रेडिओला स्वतःचा दुपट्टा चावावा लागला.

चिकी पुढे झाली. "काका, हा मुकुट दुकानातला आहे. याला माझी खळ लागलेली नाही."

बाई स्टुलावर चढल्या. त्यांनी झरोक्यातून बाहेर पाहिले, फलकाच्या मागच्या बाजूला हात लावला आणि ओला झालेला हात पदराला पुसला. खाली उतरून त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी. मी तुला दोष दिला आणि एकदाही इथे येऊन पाहिलं नाही. तुम्ही तिघांनी पाहिलंत." चिकीने नुसती मान हलवली. एवढ्या मोठ्या वाक्याचे काय करायचे, हे तिला कुणी शिकवलेले नव्हते.

तासाभरात फलक उतरला. उरलेल्या पाच दिवसांत देवमाशाला नवी पाठ मिळाली आणि डोळा जागेवर बसला.

मिरवणुकीच्या सकाळी चिकी डोके घालून जबड्यात शिरणार, एवढ्यात बाईंनी तिला थांबवले. "आत बसलीस तर तुला तो कधीच चालताना दिसायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि पदर खोचून स्वतः आत शिरल्या.

चिकी पदपथावर लाँड्रीवाल्या मामांशेजारी उभी राहिली. सगळ्यांच्या पुढे, निळ्या रद्दीच्या लाटांतून देवमासा वळणावर आला. खाली पाच जोड्या कॅनव्हासचे बूट एका ठेक्यात पडत होते आणि एक जोडी चपला सतत अर्धे पाऊल मागे राहत होती.

"पाठ बघ गं, कशी ताठ आहे," मामा म्हणाले.

चिकी पाहतच होती.