समेवरची फुली

नाद-चलन प्रयोगशाळेत काचेपलीकडे भाऊ येरझाऱ्या घालत होते, आणि काचेअलीकडे टेबलाखाली हेमांगीचा उजवा पाय थांबायला तयार नव्हता. तिने गुडघा हाताने दाबून धरला, तर डावा सुरू झाला. आठवडाभर हे असंच चाललं होतं. जेवताना हलतोय, वाचताना हलतोय. आपल्या पायांना एवढी कसली घाई झालीय हे तिला कळत नव्हतं, आणि त्या न कळण्याने ती अगदी जेरीस आली होती.

एरवी आनंदच व्हायला हवा होता. भाऊ म्हणजे तिचे वडील, उभी हयात तबल्यावर काढलेला माणूस. कंपवाताने आधी त्यांचे हात गेले, मग पाय. उंबऱ्याशी उभे राहिले की उभेच. पाऊल जमिनीला खिळल्यासारखं. त्या भाऊंना हेमांगीच्या क्रमवादकाने चालतं केलं होतं. टॅबलेटच्या पडद्यावर चौकोनी घरांच्या ओळी, प्रत्येक घरात एकेक ठोका किंवा सूर, आणि ध्वनी घडवणारे निरनिराळे खण, बोटाने तारा ओढून एकमेकांना जोडायचे. भाऊंच्या बुटातला दाबमापक त्यांच्या पावलांची लय टिपायचा, क्रमवादक तीच लय धरून काचेच्या दोन्ही बाजूंना मोठ्याने वाजवायचा आणि पाऊल पुढे पडायचं.

आता मात्र भाऊ थांबायचं नाव घेत नव्हते.

"मॅडम, चहा नेऊन दिला तर तोही चालता चालता प्यायले," श्रीरंग टिपणीस म्हणाला. क्रमवादकाची आज्ञावली त्याचीच. "अर्धा शर्टावर सांडला. बसा म्हटलं तर माझ्यावरच डोळे वटारले."

"आणि तुझी बोटं काय करतायत?"

श्रीरंगने टेबलावर तडतडणारी बोटं ओशाळून खिशात घातली. खिसा हलू लागला.

"आपण पायांना नुसता ठोका देत नाही, श्रीरंग, आपण मेंदूला अपेक्षा देतो," हेमांगी म्हणाली. "पुढे काहीतरी येणार आहे असं वाटलं की हालचालीची केंद्रं सज्ज होतात. भाऊंची आतली हाक बंद पडली, म्हणून आपण बाहेरून हाक मारतो. अपेक्षित ते आलं की केंद्रं निवांत होतात."

"आणि ते आलंच नाही तर?"

हेमांगीने चटकन टॅबलेट पुढे ओढला. वरच्या ओळीत लेहऱ्याचे, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणाऱ्या धुनेचे सूर होते, सोळा घरं. खालची ओळ भाऊंनी थरथरत्या बोटाने स्वतः भरली होती: त्रिताल, सोळा मात्रा. पहिल्या घरावर त्यांनी एक फुली काढली होती.

"क्रमवादक या फुलीचं काय करतो?"

"फुली म्हणजे बंद. ते घर वगळून पुढे जातो. सगळीकडे तसंच असतं ना?"

"अरे देवा! तबल्याच्या लिपीत फुली म्हणजे सम!"

"सम म्हणजे?"

"आवर्तनाची पहिली मात्रा. गाणारा, वाजवणारा, ऐकणारा, सगळे जिथे येऊन मिळतात ती. आपण नेमकी तीच गाळली. लेहरा सोळाचा आणि ठेका पंधराचा, दर फेरीला एकेक मात्रा पुढे सरकतोय. घर दिसतंय, पण दार कधी येतच नाही."

स्वतःचाच तिला भयंकर राग आला. तबलजीची मुलगी, आणि आठवडाभर पाय आपटत बसली! तिने फुली पुसून तिथे ठोका भरला.

पहिलं आवर्तन पुरं झालं. समेवर भाऊंची मान डोलली. श्रीरंगचा खिसा शांत झाला. हेमांगीच्या पायांतलं काहीतरी सुटलं आणि तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. ती धावत काचेपलीकडे गेली.

"भाऊ, सापडली चूक! आता चला बघू सावकाश."

भाऊ खोलीच्या मधोमध उभे होते. चेहरा समाधानाने भरलेला, पाय जमिनीला खिळलेले. श्रीरंगने आवाज वाढवला. पावलं कशीबशी निघाली, आवर्तनभर चालली आणि समेवर ठप्प झाली. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तर ती निघालीच नाहीत.

अपेक्षित ते आलं की केंद्रं निवांत होतात. तिनेच तर आत्ता सांगितलं होतं. भाऊंना चालवत होती ती तिची हुशारी नव्हतीच. ती फुली होती.

"हेमे," भाऊ पुटपुटले, "फुली मार परत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच फेरीत कळलं. सम खातोय तुझा डबा. एवढीही समज नसेल होय मला?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू नीट केलं असतंस."

"पण भाऊ, जिवाला चैन नाही त्यात!"

"नाहीच. रात्रंदिवस तडफड होते," भाऊ म्हणाले. "पण चैन पडली की पाऊल पडत नाही, बाळ. मला चालू दे."

तिने टॅबलेट त्यांच्यापुढे धरला. पहिल्या घरावर त्यांनी स्वतःच्या बोटाने फुली काढली. मग हेमांगीने त्यांच्या कानांत श्रवणबोंडं बसवली. त्यांना चालू दे आणि इतरांना जरा निवांत बसू दे, असा साधा हिशेब. भाऊ निघाले, दार ढकलून बाहेरच्या लांब वऱ्हांड्यात गेले.

प्रयोगशाळा शांत झाली. हेमांगी खुर्चीत टेकली, पाय लांब केले. गार झालेला चहाही तिला गोड लागला.

मग वऱ्हांड्यातून भाऊंचे बूट ऐकू आले. थप, थप, थप, ठेक्याच्याच वजनाने, कुठे जड, कुठे हलकी. त्यांच्या कानातला ठेका आता त्यांच्या पावलांतून वाजत होता, जसाच्या तसा, सम गाळून. पावलं जवळ आली, दारावरून पुढे गेली, वळली, परत आली.

टेबलाखाली हेमांगीचा उजवा पाय हलू लागला. या वेळी तिने गुडघ्यावर हात ठेवला नाही.