वादीतली साथ

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. पण राजाभाऊंना ओळखणारा माणूस हसणार नाही.

सत्त्याण्णव सालची थंडी. शुक्रवारची संध्याकाळ. शारजापासून दीड-दोन तासांवरचं, डोंगरातलं एक लहानसं गाव.

राजाभाऊ शारजातल्या अल मजाजला राहायचे. इंजिनियर माणूस, पण जीव सगळा कीर्तनात. गाडीतसुद्धा कीर्तनाच्याच कॅसेट. बायको साधना आणि नऊ वर्षांची लेक मिहिका, दोघींना त्या तोंडपाठ.

गाव मोठं देखणं. खजुराच्या बागा, दगडी पाटातून झुळझुळणारं पाणी, टेकाडावर मातीचा जुना बुरूज. पाटाच्या काठाने वरच्या डोहापर्यंत चढायचं आणि वादीतून, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रातून, उतरायचं.

वाट अरुंद. एकामागे एकच चालता यायचं.

"मी पुढे," राजाभाऊ म्हणाले. "मी 'पुंडलिक वरदे' म्हटलं की तुम्ही मागून 'हारि विठ्ठल' म्हणायचं. म्हणजे कुणी चुकणार नाही."

"बाबा, प्लीज. पीपल आर लुकिंग."

"बघू दे. पुण्य लागेल त्यांना. यल्ला, चला."

"माझा सूर लागत नाही," साधना म्हणाली. "मागे वळून तोंड वाकडं करायचं नाही, सांगून ठेवते."

"कीर्तनकार कधी मागे बघतो का? मागे टाळकरी उभे असतात. त्यांच्या भरवशावर तर तो गातो."

डोहाशी चहा-चिवडा झाला. ऊन कललं तशी मंडळी उतरायला लागली.

राजाभाऊंनी हाळी दिली. मागून साधनाचं बेसूर 'हारि विठ्ठल' आलं. ते गालातल्या गालात हसले.

एका वळणावर पात्राला फाटा होता. एक वाट खाली गावाकडे, दुसरी उजवीकडच्या घळीत. राजाभाऊ गावाकडे वळले आणि पुन्हा हाळी दिली.

"हारि विठ्ठल..."

सुरात.

अगदी गोड, भरल्या गळ्याचा बायकी सूर.

राजाभाऊंना भरून आलं. भान विसरून ते हाळीवर हाळी देत राहिले. दर वेळी मागून उत्तर यायचं. थोडं जवळून...

गावातलं पहिलं घर दिसलं.

"आज काय गळा लागलाय गं तुझा," म्हणत ते वळले.

मागे कुणीच नव्हतं.

कोरडं पात्र. पांढरे गोटे. बस्स.

मग त्यांच्या ध्यानात आलं... गोट्यांवरून चाललं की खडखड होते. इतका वेळ खडखड होत होती ती फक्त त्यांच्याच बुटांची.

"मिहिका!"

"हारि विठ्ठल..."

मागून. आता गावाच्या बाजूने.

ते गर्रकन फिरले. कुणी नाही.

राजाभाऊ धावत सुटले. दिवस मावळत होता. लेकीच्या नावाने हाक मारावी, तर उत्तराला तोच आवाज. पाठीशी. दर वेळी पाठीशीच.

फाट्याशी पोचले तेव्हा घळीतून रडणं ऐकू आलं.

आत, एका खडकावर साधना मिहिकाला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचा घोटा टम्म सुजलेला.

"अहो, किती पुढे जायचं ते? ही पडली, हाका मारून घसा सुकला माझा. तुम्ही आपले पुढेच."

"पुढे? मी गावापर्यंत जाऊन आलो."

साधनाचा चेहरा उतरला.

"काहीतरीच काय... तुमची हाळी या घळीतून येत होती. दर वेळी उत्तर दिलंय मी."

"इट वॉज यू, बाबा," मिहिका मुसमुसत म्हणाली. "आय नो युअर व्हॉइस."

राजाभाऊंनी तिच्या पलीकडे पाहिलं.

ती पडली होती तिथून हातभर पुढे कडा तुटलेला. खाली काळं, न हलणारं पाणी.

आणि कड्याच्या पलीकडून, जिथे पाय ठेवायला जागाच नव्हती तिथून...

"पुंडलिक वरदे..."

राजाभाऊंचाच आवाज. तीच ओढ, तोच कंप.

साधनाचे ओठ सवयीने उघडले. राजाभाऊंनी तिच्या तोंडावर हात दाबला.



मग त्यांच्या पाठीमागून, अगदी मानेशी, सुरात उत्तर गेलं.

"हारि विठ्ठल..."

पोरीला खांद्यावर टाकून, साधनाचा हात धरून ते कसे खाली आले, ते त्यांनाच ठाऊक.  गाडी शारजात शिरेपर्यंत कॅसेट लावली नाही.

राजाभाऊंकडे दर शुक्रवारी भजन होतं. पण ते आता पुढे उभे राहत नाहीत. भिंतीला पाठ टेकून बसतात. "वय झालं का राजाभाऊ?" म्हणून मंडळी चिडवतात. तेही हसतात.

साधनावहिनी म्हणतात, मागून साथ देणारं आपलं होतं, पुढून बोलावणारं वाईट. राजाभाऊ मान डोलावतात.

पण त्या दोन्ही आवाजांच्या तोंडी देवाचंच नाव होतं. मग मागचं कोण आणि पुढचं कोण... आणि ते एकमेकांशी कधीपासून बोलत होते?

तेव्हापासून गजर सुरू झाला की राजाभाऊ लगेच उत्तर देत नाहीत. आधी बाकीच्यांचे आवाज ओळखून घेतात.