शेजारच्या पडद्यामागची केबल

पहिल्याच सकाळी ती जमिनीवरच्या केबलला अडखळली आणि थेट त्याच्या अवजारांच्या पेटीवर जाऊन बसली.

"जपून! या केबलवर अख्ख्या रांगेचे टीव्ही चालतात."

"आणि माझे गुडघे? ते कशावर चालणार आता?"

तो हसला... आणि केबल टीव्हीवाल्यांच्या त्या तीन दिवसांच्या अधिवेशनात तिचं लक्ष कामावरून उडालं ते उडालंच. ती एका चॅनलची इंटर्न. पत्रकं वाटायची, साहेबांसाठी कॉफी आणायची, एवढंच काम. तो सगळ्या स्टॉलना सिग्नल पुरवणारा तंत्रज्ञ. तिने त्याचं नाव ठेवलं वायरवाला. दुपारी तो विचारायला आला, "चित्र नीट येतंय ना?" चित्र झकास होतं. तरी ती म्हणाली, "जरा... थरथरतंय." तेवढाच तो परत येईल!

आला, पण शेजारच्या स्टॉलवर. तिथे रिमोट विकणारी मुलगी होती. कानातली लांब, हसू त्याहून लांब. तासातासाला वायरवाला तिच्या पडद्यामागे शिरायचा आणि ती बाहेरून खिदळायची. इकडे आपल्या बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड. रागाच्या भरात एका पाहुण्याला तिने एकाच पत्रकाच्या सात प्रती दिल्या.

"दमला असशील ना," तिसऱ्या दिवशी तिने टोमणा मारला, "शेजाऱ्यांची इतकी सेवा करून!"

"शेजारधर्म," त्याने डोळे मिचकावले. झालं, आगीत तेल!

पाच वाजता सगळं आवरायचं होतं. मग तो त्याच्या गावी, ती तिच्या. साडेचारला रिमोटवाली चहाला गेली तशी ती पडद्यामागे घुसली आणि हाताला लागलेल्या केबलचं टोक फिरवून सरळ उपटलं. बस आता अंधारात!

बाहेर येऊन बघते तर रिमोटवालीचा टीव्ही मजेत चालू. काळा पडला होता तो तिच्याच स्टॉलचा, ऐन मोठ्या ग्राहकासमोर. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

वायरवाला धावत आला. पडद्यामागे जाऊन त्याने केबल जोडली.

"हे काम तुझं?" साहेब त्याच्यावर कडाडले. "आयोजकांकडे तक्रार करतो तुझी!"

त्याने तिचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि मान खाली घातली. "चूक झाली, साहेब."

बोलावं तर इंटर्नशिपचा दाखला गेला. न बोलावं तर... त्याची ती खाली गेलेली मान तिला बघवेना.

"केबल मी काढली, साहेब. मला शेजारचा टीव्ही बंद पाडायचा होता."

ग्राहकाला ठसका लागला. "दाखला विसर," एवढंच बोलून साहेब पाणी आणायला पळाले.

"अगं, पण का?" वायरवाल्याने हळूच विचारलं.

"तू सारखा तिच्याकडे जातोस म्हणून!"

"वेडाबाई, तुमची केबल तिच्या पडद्यामागूनच येते. तुझं चित्र थरथरतंय म्हणून तीन दिवस मी तिथली एकेक जोडणी तपासतोय."

तिला रडू की हसू कळेना. "ते कधीच थरथरत नव्हतं. तू यावंस म्हणून... मला तू आवडतोस."

तेवढ्यात पाच वाजले, आवराआवर सुरू झाली. मग त्याने केबलचं एक टोक तिच्या हातात दिलं. "मलाही तू. धर. मी गुंडाळत जातो, तू चालत ये."

तो वेढे घालत राहिला, ती पावलापावलाने जवळ येत गेली. केबल संपली तेव्हा रिमोटवाली समोरच उभी होती, टक लावून बघत. तिच्यादेखत तिने त्याचा हात घट्ट धरला. बघू दे!