ओठांच्या आधी

सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी टूर मॅनेजरने माणसं मोजली, तेव्हा सतरावा आकडा कुणी उच्चारला नाही.

तोवर सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललं होतं. सव्वाअकराला चोवीस जणांचा गट त्या प्राचीन नाट्यगृहात शिरला. डोंगराच्या उतारात कोरलेलं, दोन हजार वर्षांचं, वर उघडं आभाळ. अर्धवर्तुळात चढत गेलेल्या दगडी बैठका, खाली फरसबंद चौक आणि चौकाच्या मध्यावर परातीएवढा गोल दगड. दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीच्या भिंती. आत-बाहेर करायला एकच फाटक, तिथे एक रखवालदार.

सतरा नंबर ताईचा, अठरा तिच्या धाकट्या भावाचा. भावाने एकतीस वर्षं डबिंगच्या स्टुडिओत काढली होती. पडद्यावरचे ओठ आणि कानातला आवाज जुळवायचे, एवढंच काम. पापणी लवेल एवढा फरक पडला तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. गटात तो 'साउंडकाका' होता आणि एकसष्टाव्या वर्षीही ताईचा 'बाळ्या'. ताईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन सात महिने झाले होते. कुणी हात दिल्याशिवाय तिला बसल्या जागेवरून उठता येत नसे. विमानतळावर भाचीने त्याला बाजूला घेऊन बजावलं होतं, "मामा, आईला नजरेआड होऊ देऊ नकोस. फक्त तुझ्या भरवशावर पाठवतेय."

"त्या दगडावर उभं राहून नुसतं कुजबुजलं तरी सगळ्यात वरच्या रांगेत ऐकू जातं," टूर मॅनेजर म्हणाला.

"जा की रे वर," ताईने भावाला टोचलं. "जन्मभर परक्यांचे आवाज ऐकलेस, आता बहिणीचा ऐक."

"आणि तुला कोण धरणार?"

"या आहेत ना डेंटिस्टबाई. आणि मी काय पळून जाणारेय? लंगडी घोडी मी!"

बासष्ट पायऱ्या चढून तो वर बसला. धाप खाली बसायच्या आत कानाशी आवाज आला, स्वच्छ, जवळून. "बाळ्या, गुडघे शाबूत आहेत का रे?"

हसत त्याने खाली पाहिलं. ताई अजून दगडापर्यंत पोचली नव्हती. डेंटिस्टबाईंच्या दंडाला धरून ती एकेक पाऊल टाकत होती. दगडावर पोचली, तोल सावरला, हनुवटी वर केली. मग तिचे ओठ हलले.

आवाज आला नाही.

दगडापासून तो पंचेचाळीस मीटरवर होता. एवढ्या अंतरात आवाज सेकंदाचा आठवा हिस्सा मागे पडेल, हे त्याला पाठ होतं. मागे पडेल. पुढे येणार नाही.

डेंटिस्टबाईंनी ताईला पहिल्या रांगेत बसवलं आणि त्या परत दगडाकडे निघाल्या. "आ करा बघू, काका!" त्याच्या कानात त्यांचा आवाज आला. त्याने घड्याळ पाहिलं. अकरा सेकंदांनी बाईंनी तोंडाशी हातांचा कर्णा केला आणि ओठ हलवले. शांतता. त्यानंतर एक नवरदेव आला. त्याचं बायकोला घातलेलं लाडिक साकडं सव्वीस सेकंद आधी पोचलं.

मग दगडावर कुणीच उरलं नाही.

त्या रिकाम्या दगडावरून आवाज येऊ लागला. टूर मॅनेजरचा. "चौदा, पंधरा, सोळा... सतरा? सतरा नंबर कोण?" थोडी शांतता. मग एक हाक, फाटलेली. "ताई!"

ती हाक त्याच्या स्वतःच्या आवाजातली होती. स्वतःचा आवाज त्याला ओळखू येत नाही असं कधी झालं नव्हतं.

खाली टूर मॅनेजर भिंतीला टेकून संत्रं सोलत होता. ताई पहिल्या रांगेत रुमालाने चष्मा पुसत होती.

तो उठला आणि धावत सुटला. पायऱ्या झिजलेल्या, एक उंच तर एक बुटकी. पावलाकडे पाहावंच लागत होतं. चाळिसाव्या पायरीवर मान वर केली, ताई होती. विसाव्या पायरीवर केली, ताई होती. उरलेल्या पायऱ्या त्याने मान न उचलता उतरल्या.

पहिल्या रांगेत पर्स उभी होती. पर्सवर चष्मा, नीट मिटलेला.

"ताई कुठाय?"

"इथेच आहेत की," असं म्हणत डेंटिस्टबाई वळल्या आणि थबकल्या. "अहो, आत्ता मी गोळी दिली त्यांना."

"काका, घाबरू नका. वॉशरूमला गेल्या असतील," टूर मॅनेजर चौकात येत म्हणाला. "चला, सगळे इकडे या. नंबर बोला."

टूर मॅनेजर आता गोल दगडावर उभा होता. त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

एकेकाचा नंबर तो मागोमाग मोठ्याने म्हणत गेला. "चौदा, पंधरा, सोळा..."

भावाने ओठ घट्ट मिटले.

"सतरा? सतरा नंबर कोण?"

आता पुढे काय येणार ते त्याला माहीत होतं. ती हाक आपण मारलीच नाही तर? त्याने श्वास कोंडला. दातांखाली जीभ धरली. समोर रिकामी बैठक.

हाक निघाली.

फाटकातून कुणी बाहेर गेलं नाही, असं रखवालदाराने पोलिसांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस शोध घेतला. चौकाखालच्या कोरड्या गटाराची जाळी उघडून पाहिली. तिचे बोल्ट गंजून गेले होते, उघडायला दीड तास लागला. काही मिळालं नाही.

या गोष्टीला चार महिने झाले. भाची रोज फोन करते, "काही कळलं?" एवढंच विचारते आणि ठेवते.

गेल्या मंगळवारी रखवालदाराचा निरोप आला. वरच्या रांगेतल्या प्रवाशांना हल्ली एका बाईचा आवाज ऐकू येतो. दगडावर कुणी नसतं. भाषा कळत नाही. उद्या टिपून पाठवतो.

आवाज आधी, ओठ नंतर. म्हणजे ताई त्या दगडावर कधीतरी उभी राहणार आहे. तासाभरात त्याने तिकीट काढलं आणि चार महिन्यांत पहिल्यांदा भाचीला आपणहून फोन केला. "तिला आणायला जातोय," म्हणाला.

बुधवारी ध्वनिमुद्रण आलं. एकोणीस सेकंदांचं. आधी वारा. मग ताईचा आवाज, हळू, शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसा.

"थांबा हो जरा. तो अजून चढतोय."

'तो' म्हणजे आपण, हे त्याला कळलं; ती थांबायला कुणाला सांगत होती, ते नाही. विमान नऊ तारखेचं आहे. तिकीट त्याने अजून रद्द केलेलं नाही.